कढीपत्त्याच्या एकाच कुंडीतून दोन वेगळी फुलपाखरं कशी निघाली?

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यातल्या एका ताईंच्या गॅलरीतल्या कढीपत्त्यावर अळ्या दिसल्या. त्यांनी त्या झाकून ठेवल्या, पाला घातला. कोश झाले आणि तीन फुलपाखरं बाहेर पडली. दोन काळी, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी ओळ असलेली. तिसरं मात्र निराळंच निघालं: पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे, मागच्या पंखांवर लाल ठिपके. मोबाइलमधल्या अ‍ॅपने ते 'क्रिमझन रोज' असल्याचं सांगितलं. एका झाडावर दोन जाती कशा, हा पहिला प्रश्न. चौथा कोश काळा पडून तसाच राहिला, तो का, हा दुसरा. आणि झाडावर अजून लहान अळ्या आहेत, त्यांचं आणि झाडाचं काय करायचं, हा तिसरा.

ताई, तुमच्याकडे दोन जाती नाहीत, एकच आहे. तिन्ही फुलपाखरं कॉमन मॉर्मनच आहेत आणि लाल ठिपक्यांचं जे निघालं, ती कॉमन मॉर्मनची मादी आहे. हे मी फोटो उघडण्याआधीच ओळखलं, कारण तुम्ही पहिल्याच ओळीत 'कढीपत्ता' लिहिलं होतं. क्रिमझन रोजची अळी कढीपत्ता खातच नाही. तिला ईश्वरीचा वेल लागतो (काही भागांत त्याला सापसंद म्हणतात) किंवा त्याच कुळातली दुसरी वनस्पती. कॉमन मॉर्मनच्या अळीला लिंबाच्या कुळातलं झाड लागतं: कढीपत्ता, लिंबू, पपनस, बेल, रानात माकडलिंबू, कोकणात तिरफळ. या दोन जातींच्या अळ्या एका पानावर कधीच भेटणार नाहीत. म्हणून फुलपाखरांच्या मागे लागलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगत आलोय की ओळख पंखांपासून नको, झाडापासून सुरू करा. अळी कुठल्या पानावर होती हे कळलं की निम्म्याहून अधिक नावं आपोआप गळतात.

आता झाड माहीत नसेल, फुलपाखरू नुसतं बागेत उडताना दिसलं, तर काय करायचं? तेव्हा पंख सोडून अंग बघायचं. क्रिमझन रोजचं डोकं लाल असतं, छातीच्या बाजू लाल असतात आणि पोटही लालभडक असतं. कॉमन मॉर्मनच्या मादीने पंखांवर कितीही हुबेहूब नक्षी उतरवली तरी तिचं अंग काळंच राहतं, त्यावर फार तर पांढरे बारीक ठिपके. तुमचा तिसरा फोटो मोठा करून पाहा, पोट काळं आहे. नवख्यांचे बहुतेक फोटो वरून, पसरलेल्या पंखांचे असतात आणि त्यात नेमकं अंग धूसर येतं. फुलपाखरू फुलावर बसलेलं असताना एक फोटो बाजूने घ्या, फार उपयोग होतो. उडण्याची ढबही मदतीला येते. 'रोज' गटातली फुलपाखरं (क्रिमझन रोज, कॉमन रोज) संथ, निवांत उडतात, त्यांना घाई नसते. मॉर्मनची मादी शांत असताना तसंच उडते खरी, पण तिला दचकवलं की सगळं सोंग टाकून भर्रकन निघून जाते.

हे सोंग का, हे सांगायला हवं, कारण कॉमन मॉर्मनचं खरं वैभव यातच आहे. ईश्वरीच्या कुळातल्या वनस्पतींमध्ये ॲरिस्टोलोकिक आम्लं असतात, ती विषारी आहेत. 'रोज' फुलपाखरांच्या अळ्या तो पाला खातात, विष अंगात साठवतात आणि ते फुलपाखरातही उतरतं. असं फुलपाखरू खाल्लेल्या पक्ष्याला त्रास होतो आणि पुढच्या वेळी लाल-काळं काही दिसलं की तो लांबच राहतो. कॉमन मॉर्मनच्या अंगात असं विष नाही, पक्ष्यासाठी ते चांगलं खाद्य आहे. पण त्याच्या काही माद्या रोजसारख्या दिसतात आणि पक्ष्याने आधीच शिकलेल्या धड्याचा फायदा त्यांना मिळतो. निरुपद्रवी जीवाने विषारी जीवाचं रूप घेण्याचा हा प्रकार हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १८६२ मध्ये ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या फुलपाखरांवरून मांडला होता.

कॉमन मॉर्मनच्या माद्या आपल्याकडे तीन रूपांत दिसतात. पहिलं रूप नरासारखंच, काळ्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. त्याला 'सायरस' म्हणतात. दुसरं 'स्टिकियस', ते कॉमन रोजची नक्कल करतं: मागच्या पंखाच्या मध्यावर पांढरा डाग आणि कडेने लाल चंद्रकोरी. तिसरं 'रोम्युलस', ते क्रिमझन रोजची नक्कल करतं. तुमच्याकडे निघाली ती रोम्युलस. क्रिमझन रोज हे मुख्यतः भारत आणि श्रीलंकेतलं फुलपाखरू, म्हणून रोम्युलसही तेवढ्याच पट्ट्यात आढळते. आग्नेय आशियात कॉमन मॉर्मन भरपूर आहे, पण क्रिमझन रोज नसलेल्या मुलखात रोम्युलस होऊन काही उपयोग नाही. तिथल्या पक्ष्यांना ती नक्षी ओळखीचीच नाही.

नर मात्र सगळे एकसारखे: काळे, पुढच्या पंखांच्या कडेला टोकाकडे लहान होत जाणारे पांढरे ठिपके, मागच्या पंखांवर ठिपक्यांची ती ठळक ओळ आणि शेपट्या. पंख पसरले की सुमारे ९ ते १० सेंटिमीटर. तुमची पहिली दोन फुलपाखरं नर असतील असं तुम्ही धरलंय, पण त्यातलं एखादं सायरस मादीही असू शकतं. सायरसमध्ये मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यातली लाल खूण सहसा जास्त ठळक असते. खात्री करायची तर पोटाचं टोक जवळून बघावं लागतं.

ही तीन रूपं एकाच जातीची आहेत हे समजायला माणसाला बराच काळ लागला. रोम्युलसला तर अठराव्या शतकात स्वतंत्र जात मानून नाव दिलं गेलं होतं. आल्फ्रेड रसेल वॉलेसने १८६५ मध्ये मलय द्वीपसमूहातल्या फुलपाखरांवर लिहिताना या वेगवेगळ्या 'जाती' म्हणजे एकाच जातीच्या माद्या आहेत हे दाखवलं. पुढे फ्रायर नावाच्या संशोधकाने श्रीलंकेत या फुलपाखरांच्या पिढ्यामागून पिढ्या वाढवल्या आणि मादीचं रूप आनुवंशिक नियमांनी ठरतं हे १९१३ मध्ये प्रसिद्ध केलं. तुम्ही गॅलरीत जे पाहिलंत, तेच त्याने वंशावळी ठेवून पाहिलं होतं.

मग हे ठरतं कसं? बराच काळ समज असा होता की पंखांचा रंग, पट्टे, ठिपके यांची वेगवेगळी जनुकं एकमेकांना चिकटून बसली असतील आणि गटाने पुढच्या पिढीत जात असतील. २०१४ मध्ये बेंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेसमधले कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिलं की हे सगळं काम 'डबलसेक्स' हे एकच जनुक करतं. हे जनुक कीटकांमध्ये नर-मादी भेद घडवण्यासाठी आधीपासून ओळखीचं होतं. कॉमन मॉर्मनमध्ये त्याच्यावर पंखांच्या नक्षीचीही जबाबदारी आली. नक्कल करणारं रूप देणारी प्रत प्रभावी असते, म्हणजे आईबापांपैकी एकाकडून जरी ती मिळाली तरी मुलगी नकली रूपाची होते. नराकडे ती प्रत असली तरी त्याच्या पंखांवर काहीच उमटत नाही. म्हणून तुमच्या कढीपत्त्यावर अंडी घालून गेलेली आई पांढऱ्या ठिपक्यांची सायरस असणं अगदी शक्य आहे. तसं असेल तर रोम्युलसची प्रत बापाकडून आली. त्याच्याकडे बघून ते कुणालाही कळलं नसतं.

सगळ्याच माद्या नक्कल का करत नाहीत, हा प्रश्न तुमच्या मनात येईलच. याचं एक कारण असं मांडलं जातं की नकली फार वाढले तर पक्ष्याच्या चोचीत विषारीपेक्षा चविष्टच जास्त वेळा येणार, मग लाल रंगाचा धाक उरणार नाही. नकलेचा फायदा अस्सलाच्या संख्येवर अवलंबून असतो. माझ्या मनात यावरून एक व्यवहारातली गोष्ट पक्की बसली आहे: कुठल्या भागात रोम्युलस दिसल्या तर तिथे क्रिमझन रोज आणि तिचा ईश्वरीचा वेल जवळपास असणार, तो शोधायचा. कुंपणं साफ करताना सगळ्यात आधी असे वेल उपटले जातात. त्यामुळे क्रिमझन रोज कमी होतात आणि त्यांच्या आधाराने जगणारी ही मादीही उघडी पडते.

आता आयुष्यक्रम. मादी अंडी घालायला येते तेव्हा फुलांकडे ढुंकून बघत नाही, झुडपांतून खालून खालून उडत पानं तपासते. पानावर उतरली की पुढच्या पायांनी झपझप टपल्या मारते. पायांवर चव ओळखणारे केस असतात आणि लिंबाच्या कुळातली रसायनं लागली की ती पोट वाकवून एक अंडं चिकटवते. एका जागी एकच, बहुधा कोवळ्या पानावर. अंडं गोल, फिकट पिवळं, मोहरीहूनही लहान. उन्हाळ्या-पावसाळ्यात तीन ते पाच दिवसांत ते गडद होतं आणि अळी बाहेर येते. तिचं पहिलं जेवण म्हणजे स्वतःच्या अंड्याचं कवच, म्हणून रिकामी कवचं क्वचितच सापडतात.

अळी चार वेळा कात टाकते, म्हणजे तिच्या एकूण पाच अवस्था. पहिल्या चार अवस्थांत ती तपकिरी-काळपट, मध्ये पांढरा पट्टा, अंग ओलसर चकाकणारं. पानावर पडलेली पक्ष्याची शीट वाटावी हाच त्यामागचा हेतू आणि ती पानाच्या वरच्या बाजूला, उघड्यावर बसते. पाचव्या अवस्थेत रूप एकदम पालटतं: हिरवीगार, मानेमागे फुगीर भाग, त्यावर डोळ्यांसारख्या खुणा, अंगावर तिरके पट्टे. ते डोळे खोटे आहेत, खरं डोकं त्या फुगीर भागाच्या खाली, लहानसं असतं. हा बदल का होतो याचा उलगडा जपानी संशोधकांनी याच कुटुंबातल्या दुसऱ्या जातीवर केला आहे. अळीच्या अंगात एक संप्रेरक असतं, ते भरपूर आहे तोवर कात टाकल्यावर पुन्हा शीटेचंच रूप येतं. चौथ्या अवस्थेच्या सुरुवातीला त्याचं प्रमाण घसरलं की पुढची कात हिरवी निघते. आकाराच्या दृष्टीनेही हे सोयीचं आहे. एवढ्या मोठ्या अळीला कुठल्या पक्ष्याची शीट मानायचं? हिरव्या पानात हिरवं होऊन बसणं जास्त सुरक्षित.

तुम्ही लिहिलंय की अळीला काडी लागली तेव्हा डोक्यामागून लाल शिंगं बाहेर आली आणि उग्र वास सुटला. ते शिंग म्हणजे दुभंगलेली ग्रंथी, एरवी आत दुमडलेली असते. लहान अळ्यांच्या ग्रंथीतली रसायनं वनस्पतींच्या सुगंधी तेलांच्या जातकुळीतली असतात, शेवटच्या अवस्थेत त्यांच्या जागी आम्लं येतात. खवट वास त्यांचाच. मुंग्या आणि लहान शिकारी कीटक त्याने मागे हटतात. माणसाला काहीही अपाय नाही, पण गंमत म्हणून पुन्हा पुन्हा डिवचू नका, तिची शक्ती त्यात खर्च होते.

लहानपणी कॉमन मॉर्मन, लाइम बटरफ्लाय आणि ब्ल्यू मॉर्मन या तिघांच्या अळ्या सारख्याच दिसतात आणि तिघांना लिंबाचंच कूळ लागतं. लाइम बटरफ्लाय म्हणजे काळ्यावर पिवळसर ठिपक्यांचं, बिनशेपटीचं फुलपाखरू. विदर्भातल्या संत्रा बागायतदारांना त्याच्या अळीचा उपद्रव चांगलाच माहीत आहे. ब्ल्यू मॉर्मन म्हणजे २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं, मोठं, काळं-निळं. त्याची अळी आणि कोश दोन्ही आकाराने मोठे. लहान अळीवरून जात सांगण्याचा हट्ट करू नका, कोश होईपर्यंत थांबा. लाइमच्या तुलनेत मॉर्मनचा कोश पाठीकडे जास्त वाकलेला असतो आणि डोक्याकडे दोन शिंगं असतात.

कोशात जाण्याआधी अळी खाणं थांबवते, पातळ विष्ठा टाकते, आक्रसते आणि झाड सोडून अस्वस्थपणे फिरू लागते. अनेकांना वाटतं ती आजारी पडली आणि ते पुन्हा पानावर आणून ठेवतात. असं करू नका, तिला जागा शोधू द्या. जागा मिळाली की ती रेशमाची गादी विणते, त्यात शेपटाकडचं टोक अडकवते आणि पोटाभोवती रेशमाचा कमरपट्टा घालून त्यावर रेलते, जसा नारळाच्या झाडावर चढलेला पाडेली कमरेच्या दोरावर रेलतो. साधारण एका दिवसाने शेवटची कात गळते आणि आत कोश असतो. कोशाचा रंग हिरवा होणार की तपकिरी हे मुख्यतः तो कुठे बसला यावर ठरतं. पानांत, हिरव्या बारीक फांदीवर बसला तर हिरवा. खडबडीत खोडावर, भिंतीवर किंवा खोक्याच्या पुठ्ठ्यावर बसला तर बहुधा तपकिरी. तुमचे दोन कोश हिरवे आणि दोन तपकिरी होते, त्यावरून नर-मादी किंवा जात ठरवता येत नाही. आपल्या हवेत दहा ते चौदा दिवसांत फुलपाखरू निघतं, थंडीत जास्त लागतात.

आता तुमचा काळा कोश. कोश काळा पडणं ही नेहमीच वाईट बातमी नसते. शेवटच्या दिवशी कोशाची साल पारदर्शक होते आणि आतले काळे पंख, त्यावरचे ठिपके बाहेरून दिसतात. दुसऱ्या सकाळी फुलपाखरू बाहेर असतं. पण तुमचा कोश बरेच दिवस मंद, एकसारखा काळपट राहिला, नक्षी दिसली नाही आणि फोटोत बाजूला एक गोल बारीक छिद्र आहे. हे गांधीलमाशीच्या कुळातल्या एका अगदी छोट्या परजीवी कीटकाचं काम आहे. कोश नवा, मऊ असताना मादी त्यात अंडी घालते, तिची पिल्लं आतलं सगळं खातात आणि मग कधी कधी एकाच छिद्रातून डझनावारी बाहेर पडतात. परजीवी माश्यांचंही असंच, फक्त त्या अळीवर हल्ला करतात आणि त्यांच्या पांढऱ्या अळ्या पुढे खाली पडून लालसर-तपकिरी दाण्यांसारख्या दिसतात. यात तुमची काही हयगय नाही. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत फार थोडी पोहोचतात, एरवी गावातला सगळा कढीपत्ता आणि लिंबू उघडाबोडका झाला असता. परजीवी कीटकही त्याच व्यवस्थेचा भाग आहेत. तो कोश बाहेर झाडीत ठेवून द्या, जाळू नका.

उरलेल्या अळ्यांचं सांगतो. माझं मत विचाराल तर त्या झाडावरच राहू द्या आणि फांदीला बारीक जाळीची सैल पिशवी बांधा. ताजा पाला, हवा, दव सगळं आपोआप मिळतं. घरात ठेवायच्याच असतील तर बंद बरणी नको, आत बाष्प धरतं आणि विष्ठेवर बुरशी येते. हवेशीर खोकं घ्या, रोज साफ करा. बाजारातल्या जुडीचा कढीपत्ता घालू नका, त्यावर फवारणी झालेली असते. रोपवाटिकेतून नुकतं आणलेलं रोपही लगेच वापरू नका. काही कीटकनाशकं झाडाच्या रसात उतरतात आणि धुऊन जात नाहीत. पानं नवी फुटली तरी अळ्या मरतात. निंबोळी तेल आणि 'जैविक' म्हणून विकली जाणारी बीटीची (अळ्या मारणाऱ्या एका जिवाणूची) पावडर हीसुद्धा फुलपाखराच्या अळीला मारते, तेव्हा त्या कुंडीवर काहीच फवारू नका. अळी ज्या झाडावर वाढली तेच पान शेवटपर्यंत द्या. कढीपत्त्यावर वाढलेली मोठी अळी लिंबाचं पान कधी कधी तोंडातही घेत नाही.

कढीपत्ता मरेल ही काळजी सोडा. आयुष्यभरातलं बहुतेक खाणं अळी पाचव्या अवस्थेत खाते, त्यामुळे शेवटच्या चार-पाच दिवसांत कुंडी ओकीबोकी दिसेल. पण मुळं आणि खोड शाबूत असेल तर पंधरा-वीस दिवसांत नवी फूट येते, बहुधा आधीपेक्षा दाट. एका कुंडीत तीनपेक्षा जास्त मोठ्या अळ्या झाल्या तर पाला पुरणार नाही, शेजाऱ्यांकडचं न फवारलेलं कढीपत्त्याचं झाड हेरून ठेवा.

फुलपाखरू बहुतेक वेळा सकाळी बाहेर पडतं. त्याला उलटं लटकायला खडबडीत आधार आणि पंखांच्या लांबीहून मोठी मोकळी जागा लागते. जागा कमी पडली तर पंख चुरगळलेले वाळतात आणि ते परत सरळ होत नाहीत. खाली पडणारे लालसर-तपकिरी थेंब रक्त नसतात, कोशात साचलेला मळ असतो तो. पंख घट्ट व्हायला दोन-तीन तास द्या, तोवर बोट लावू नका. पाऊस कोसळत असेल तर रात्रभर ठेवून सकाळी सोडा, तेवढी उपासमार ते सहज सोसतं. सोडताना घाणेरी किंवा एक्झोराच्या झुडपापाशी सोडलंत तर लगेच मध मिळेल.

आणि गॅलरीत अजून एका कुंडीची जागा असेल, ऊन बरं येत असेल, तर ईश्वरीचा वेल लावा. स्थानिक वनस्पतींची रोपं देणाऱ्या रोपवाटिकेत विचारा, बी मिळालं तर पावसाळ्याच्या तोंडावर पेरा आणि वेलाला चढायला जाळी द्या. त्यावर अळ्या आल्या तर त्या गडद रंगाच्या, अंगभर मांसल काट्यांच्या असतील, मॉर्मनच्या अळीशी गल्लत होणार नाही. वेल विषारी आहे, तेव्हा लहान मुलांच्या आणि मांजराच्या तोंडाशी येणार नाही अशा उंचीवर ठेवा.